आंब्याची पेटी आणि हरवलेला निरोप

[दृश्य: देवगड. कलमांखाली पेंढा पसरलेला, पुठ्ठ्याच्या पेट्या रचलेल्या. मग मोबाइलचा पडदा, त्यावर ‘ऑर्डर करा’ हे बटण.]

दोन डझन हापूस, किंमत २,४५० रुपये. पुण्याच्या सदाशिव पेठेतून कुणीतरी बटण दाबतं आणि पडद्यावर एक चक्र फिरायला लागतं. चक्र थांबेपर्यंत दुकानाचा सर्व्हर, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा), ग्राहकाची बँक आणि कुरिअरचा सर्व्हर यांच्यात निरोपांची ये-जा होऊन गेलेली असते. यातल्या कुणालाही दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. दारात उभं राहून विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. या विचारण्याच्या ठरलेल्या रीतीला वेब सर्व्हिस म्हणतात.

असं ऑनलाइन दुकान बांधायला शिकणारे बहुतेक जण फोटो, रंग आणि बटणांपासून सुरुवात करतात. ते काम आठवडाभराचं. बाकीचं सगळं शिक्षण एका प्रश्नाभोवती फिरतं: निरोप पाठवला आणि उत्तर आलं नाही, तर समजायचं काय? निरोप वाटेतच हरवला असेल. किंवा तो पोचला असेल, कामही झालं असेल, आणि परत येताना उत्तर हरवलं असेल. पाठवणाऱ्याला दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात.

[दृश्य: फळ्यावर तीन शब्द: गेट, पुट, पोस्ट.]

आजच्या बहुतेक वेब सर्व्हिस ज्या धाटणीच्या आहेत, तिला रेस्ट म्हणतात. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात ती मांडली. दुकानदाराच्या नजरेनं तिच्यातलं मर्म क्रियापदांत आहे. ‘गेट’ म्हणजे चौकशी: आंबा आहे का, दर काय? दहादा विचारा, काही बिघडत नाही. ‘पुट’ म्हणजे ‘अमुक गोष्ट अशी ठेव’: पेटीचा दर २,४५० कर. तेही दहादा सांगितलं तरी दर २,४५०च राहतो. ‘पोस्ट’ मात्र धोक्याचं. ‘नवी ऑर्डर घे’ हे दोनदा सांगितलं, तर दोन ऑर्डरी लागतात. उत्तर आलं नाही म्हणून घाबरून पुन्हा बटण दाबणारा ग्राहक नेमकं हेच करत असतो.

[दृश्य: लॅपटॉप. एक प्रोग्रॅम, एक डेटाबेस. कागदावर पाच चौकोन.]

शिकताना एकच प्रोग्रॅम आणि एकच डेटाबेस घ्यावा. भाषा पायथन असो वा जावास्क्रिप्ट. डेटाबेस पोस्टग्रेस असला तर उत्तम. मालासाठी एक सर्व्हिस, ऑर्डरीसाठी दुसरी, ग्राहकांसाठी तिसरी, अशी फोड पहिल्याच दिवशी करण्याचा मोह होतो. तो आवरा. चाळीस पेट्यांच्या दुकानाला सात सर्व्हर लागत नाहीत, आणि प्रत्येक नवी फोड म्हणजे निरोप हरवण्याची आणखी एक वाट.

डेटाबेसातली टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, पाच: माल, ऑर्डर, ऑर्डरीतल्या ओळी, पेमेंट आणि आलेले निरोप. पाचवं टेबल सगळे विसरतात. ते कशाला, हे पुढे कळेल.

ऑर्डरीच्या प्रत्येक ओळीत त्या क्षणाचा दर आणि कराचा दर लिहून ठेवायचा. मालाच्या टेबलातला दर उद्या बदलला, तरी कालचं बिल बदलता कामा नये. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद आमरसावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले, तेव्हा ज्यांनी कराचा दर कोडमध्ये एका जागी ठोकून बसवला होता, त्यांची जुनी बिलं पुन्हा छापताना नव्या दरानं येण्याची सोय आपोआप झाली.

रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत साठवा. २,४५० रुपये म्हणजे २४५००० हा पूर्णांक. दशांश चिन्हाची संख्या संगणक द्विमान पद्धतीत धरतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो. एका बिलात ते कळत नाही. वर्षअखेरीच्या बेरजेत पैशापैशाचा फरक शोधत रात्र जाते. रेझरपेसारख्या गेटवेलाही रक्कम पैशांतच द्यायची असते. तिथे २४५० पाठवलं, तर साडेचोवीस रुपयांत पेटी विकली जाते, आणि कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही.

आणखी एक पथ्य. ब्राउझरकडून फक्त मालाचा क्रमांक आणि नग घ्यायचे. दर घ्यायचा नाही. ब्राउझर ग्राहकाच्या हातात आहे. त्यातून येणारा दर कुणालाही एक रुपया करून पाठवता येतो.

[दृश्य: ब्राउझरमध्ये लाल ओळ. शेजारी पोस्टमन, त्यात तीच विनंती हिरवी.]

इथे नवशिक्यांचा एक दिवस हमखास जातो. पोस्टमन या चाचणीच्या साधनातून विनंती केली की उत्तर येतं, ब्राउझरमधून केली की येत नाही. दुकानाचं पान ३००० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या एका दारावर) आणि सर्व्हर ८००० वर असेल, तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी घरं. साध्या चौकशीला सर्व्हर उत्तर देतोही, पण ‘या घराला उत्तर वाचू दे’ अशी परवानगी त्यासोबत नसेल, तर ब्राउझर ते पानाच्या हाती देत नाही. याला कॉर्स म्हणतात. उपाय सर्व्हरवर: आपल्या पानाचा पत्ता परवानगीच्या यादीत घाला. चांदणीचं चिन्ह (*) टाकून सगळ्या जगाला परवानगी देऊ नका.

[दृश्य: शेवटची एक पेटी. दोन मोबाइल, दोन अंगठे.]

आता शिल्लक. पेटी एक, ग्राहक दोन. सरळ मनाचा कोड आधी शिल्लक वाचतो, ‘एक आहे’ असं बघतो, आणि मग एक वजा करतो. वाचणं आणि वजा करणं यांच्यामध्ये दुसरा ग्राहकही तेच वाचून जातो. दोघांनाही पेटी मिळाल्याचा संदेश जातो. स्वतःच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे आपण एकटेच असतो.

उपाय असा की वाचणं आणि वजा करणं एकाच आज्ञेत आणायचं. डेटाबेसला सांगायचं: या मालाची शिल्लक एकनं कमी कर, मात्र शिल्लक किमान एक असेल तरच. मग विचारायचं, किती ओळी बदलल्या? एक बदलली, तर पेटी आपली. शून्य, तर माल संपला. उत्तर ४०९ या क्रमांकाचं, म्हणजे ‘टक्कर झाली’.

पैसे येण्याआधी पेटी किती वेळ राखून ठेवायची? पंधरा मिनिटं ठीक. ऑर्डरीवर मुदतीची वेळ लिहायची आणि दर मिनिटाला आपोआप चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमनं मुदत संपलेल्या पेट्या परत शिलकीत टाकायच्या. हंगामात पेट्या अडकून पडल्या, तर आंबा वाट बघत नाही.

[दृश्य: ‘पैसे भरा’ बटण. रेंज जाते.]

परत त्या घाबरलेल्या ग्राहकाकडे. बटण दाबल्यावर ते राखाडी करून ठेवणं चांगलं, पण पुरेसं नाही. मोबाइलचं नेटवर्क तुटलं की ॲपच विनंती पुन्हा पाठवू शकतं. म्हणून बिलाचं पान उघडताच ब्राउझरनं एक लांबलचक यादृच्छिक किल्ली, म्हणजे अक्षर-आकड्यांची एक अनोखी माळ, तयार करायची आणि ऑर्डरीसोबत पाठवायची. सर्व्हर ती ऑर्डरीच्या टेबलात लिहितो, आणि त्या रकान्यावर ‘एकमेव’ असा निर्बंध असतो. तीच किल्ली पुन्हा आली, तर नवी ओळ लागतच नाही. सर्व्हर आधीच्या ऑर्डरीचं उत्तर परत देतो. किल्ली बटण दाबताना तयार केली, तर प्रत्येक दाबाला नवी किल्ली, आणि सगळा खटाटोप वाया. चूक बारीक आहे, पण ती वारंवार सापडते.

[दृश्य: यूपीआय ॲप उघडतं. मागचं ब्राउझरचं पान नाहीसं होतं.]

पेमेंटचा क्रम असा. आपला सर्व्हर गेटवेला रक्कम कळवतो, गेटवे ऑर्डर-क्रमांक देतो. तो घेऊन ब्राउझर गेटवेची खिडकी उघडतो. पैसे भरले की ब्राउझरच्या हाती तीन गोष्टी येतात: ऑर्डर-क्रमांक, पेमेंट-क्रमांक आणि सही. रेझरपेच्या बाबतीत पहिले दोन क्रमांक उभ्या रेघेनं जोडून, गेटवेनं दुकानाला दिलेल्या गुप्त किल्लीनं त्यांचा एचमॅक शा-२५६ (किल्लीशिवाय काढता न येणारा ठसा) काढला की सही तयार होते. आपला सर्व्हर तीच आकडेमोड करतो आणि जुळली तरच मानतो.

यूपीआयमध्ये मात्र ग्राहक ब्राउझर सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जातो. कमी मेमरीचा फोन मागचं पान बंद करून टाकतो. पैसे कटतात आणि सांगायला कुणी परत येतच नाही. म्हणून गेटवे थेट आपल्या सर्व्हरचं दार ठोठावतो. हे वेबहुक. खरी मदार याच्यावर.

वेबहुकमध्ये चुका तीन ठिकाणी होतात. पहिली सहीची: सही काढायची ती जसाच्या तसा आलेल्या मजकुरावर. फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हरच्या कोडचा तयार सांगाडा, तो मजकूर उलगडून, पुन्हा जुळवून देतं, एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. दुसरी वेळेची: निरोप मिळाला की तो त्या पाचव्या टेबलात लिहायचा, लगेच २००, म्हणजे ‘मिळालं’, म्हणायचं आणि काम मागून करायचं. ईमेल पाठवून, बिल छापून मग उत्तर दिलं, तर गेटवे कंटाळतो आणि निरोप पुन्हा पाठवतो. तिसरी गृहीत धरण्याची: तोच निरोप दोनदा येतो, आणि नंतरचा आधी येतो. प्रत्येक निरोपाचा क्रमांक टेबलात एकमेव ठेवा, आणि ऑर्डरीची अवस्था पुढेच जाऊ द्या. ‘पैसे जमा’ झालेली ऑर्डर उशिरा आलेल्या ‘मंजुरी मिळाली’ या निरोपानं मागे येता कामा नये.

शिकणाऱ्याचा लॅपटॉप इंटरनेटवरून दिसत नाही, म्हणून वेबहुक येतच नाही. एनग्रोकसारखं बोगदा काढणारं साधन वापरा, आणि गेटवेच्या चाचणी-किल्ल्याच (ज्यांवर खरे पैसे कटत नाहीत) वापरा. किल्ल्या कोडमध्ये लिहून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर चढवल्या, तर पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, पुसून उपयोग नाही. इतिहासात त्या राहतात. किल्लीच बदलायची.

पंधरा मिनिटांची मुदत संपली, पेटी दुसऱ्याला गेली, आणि सतराव्या मिनिटाला पैसे जमा झाल्याचा निरोप आला, तर? शिल्लक असेल तर पुन्हा राखा, नसेल तर परतावा सुरू करा. हे माणसावर सोडू नका, कोडमध्ये लिहा. ग्राहकाच्या खात्यातून यूपीआयनं पैसे गेले पण दुकानाला खात्री पोचली नाही, अशा व्यवहारात रक्कम पाच दिवसांच्या आत आपोआप परत करण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तो ऑर्डरीच्या पानावर दोन ओळींत लिहिला, तर फोन कमी येतात.

[दृश्य: पेटीवर पत्ता. कॅमेरा ‘४११०३०’ वर थांबतो.]

या सहा आकड्यांमागे एक मराठी माणूस आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्यांची पिनकोड योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा ‘४’ मध्ये येतात. कुरिअरची वेब सर्व्हिस याच आकड्यांवर चालते: इथून तिथे माल जातो का, किती दिवसांत, किती पैशांत? हे पैसे घेण्याआधी विचारायचं. चार दिवस लागणार असतील, तर तयार आंबा विकूच नये, कच्चा पाठवावा.

वजनाचाही प्रश्न असतो. ४५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या पेटीचं घनफळ ३९,३७५. बरेच कुरिअर त्याला ५,००० नी भागतात, म्हणजे ७.८७५ किलो. पाव किलोचा एक आंबा धरला, तर दोन डझनांचे सहा किलो. कुरिअरचं शुल्क या दोनपैकी मोठ्या वजनावर लागतं. पेटी दोन सेंटिमीटरनी आखूड केली तर बरं, असं शेतकऱ्याला सांगणारा प्रोग्रॅमर खरा कामाचा.

कुरिअरच्या सर्व्हरला मर्यादा घाला: पाच सेकंदांत उत्तर नाही, तर सोडा, मग एक, दोन, चार सेकंदांच्या अंतरानं पुन्हा विचारा. चौकशी बिनधास्त पुन्हा करा. ‘पार्सल उचलायला या’ ही विनंती मात्र आपल्या ऑर्डर-क्रमांकासकट करा, नाहीतर एका पेटीसाठी दोन टेम्पो येतील.

एसएमएस मराठीत पाठवायचा असेल, तर एका संदेशात ७० अक्षरं मावतात; रोमन लिपीत १६०. काना-मात्राही मोजल्या जातात. दुकानाचं नाव लांब असेल, तर खर्च दुप्पट.

[दृश्य: रात्र. पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी.]

रात्री ताळा जुळवायचा. एका बाजूला आपल्या ऑर्डरी, दुसऱ्या बाजूला गेटवेचा जमाखर्च. गेटवे आपलं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून रक्कम देतो, म्हणून बेरजा नुसत्या शेजारी ठेवून जुळत नाहीत. ओळीला ओळ लावावी लागते. वेळ डेटाबेसात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते आणि ती भारतापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे दोनची ऑर्डर तिथे ३१ मार्चला रात्री साडेआठची दिसते. अहवाल काढताना वेळ बदलून घेतली नाही, तर विक्री मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

सगळं उभं राहिलं की एक प्रयोग करायचा. चाचणीच्या किल्लीनं पैसे भरा आणि भरता भरता सर्व्हरची वायर काढा, म्हणजे प्रोग्रॅम बंद करा. दोन मिनिटं थांबा. चालू करा. गेटवे निरोप पुन्हा पाठवेल. टेबल उघडून बघा: ऑर्डर एक, पेमेंट एक, शिल्लक ३९. पेमेंट दोनदा दिसलं, तर पाचव्या टेबलातला ‘एकमेव’ निर्बंध राहून गेलाय.

[दृश्य: टेम्पोचं मागचं दार लागतं. पेट्यांवरचा पेंढा वाऱ्यानं हलतो.]