जुना पट्टा, नवं विमान

मित्रहो, फेब्रुवारी २०१९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक बोइंग ७४७ उतरलं. विमान ब्रिटिश एअरवेजचं, पण अंगावर नाव बीओएसीचं, म्हणजे ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचं. ही कंपनी १९७४ मध्येच ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली होती. गडद निळ्या शेपटीवर सोनेरी स्पीडबर्ड होता. तो पक्षी तर कंपनीहूनही जुना, थेअर ली-इलियट यांनी १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजसाठी काढलेला.

जुन्या काळचा वेश चढवलेल्या अशा विमानांना रेट्रो म्हणतात. बरेच जण त्याला हौस समजून सोडून देतात. मला ते कारागिरीचं काम वाटतं, कारण जुनं चित्र ज्या अंगासाठी काढलं होतं, ते अंगच आता राहिलेलं नाही.

चीटलाइन घ्या. नाकापासून शेपटीपर्यंत खिडक्यांवरून धावणारा रंगीत पट्टा. खिडक्यांचे काळे ठिपके त्यात मिसळून जातात आणि विमान आहे त्यापेक्षा लांब, सडपातळ दिसतं. जुन्या विमानांवर हा पट्टा जवळजवळ सगळीकडे असे. आता तो मोजक्याच विमानांवर उरलाय. हाच पट्टा दाराशी जवळून पाहा. आणीबाणीत दार बाहेरून चटकन दिसावं म्हणून त्याच्याभोवती साधारण पाच सेंटिमीटरची, उठून दिसेल अशी चौकट असावी लागते. पट्टा तिथे तुटतो आणि पलीकडे पुन्हा त्याच रेषेत सुरू व्हावा लागतो. केसभर चुकला तरी डोळ्याला खुपतो. नाकाशी तर पृष्ठभाग दोन्ही दिशांना वळतो. कागदावर सरळ असलेली रेघ तिथे वाकडी दिसते. मास्किंग टेप लावणाऱ्याचा हात आणि नजर कळते ती इथे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१५ मध्ये आपल्या पहिल्या जेटच्या, म्हणजे १९५९ च्या बोइंग ७०७ च्या काळातला वेश एका ७३७-८०० ला चढवला. तो शोभला, आणि त्यामागे कारण आहे: ७३७ च्या धडाचा वरचा भाग आणि नाकाची घडण ७०७ वरूनच आलेली. चेहरा घरातलाच! अडचण होते ती बाकीच्या अंगाची. ७०७ ला चार बारीक इंजिनं होती, इथे दोन जाडजूड. पंखांच्या टोकाला उभे विंगलेट, ज्यांच्यावर काय रंगवावं हे जुन्या नकाशात सापडणारच नाही.

आणि जुन्या विमानांचं ते चकचकीत पोट? तेव्हा ते उघडं, घासलेलं अॅल्युमिनियम असे. बोइंग ७८७ चं धड कार्बन फायबरचं असतं. त्याला चकाकी कुठून येणार? अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये उघड्या धातूचा आपला प्रसिद्ध वेश सोडला, त्यामागे हेही एक कारण होतं. रेट्रो विमानांवर मग राखाडी किंवा चंदेरी रंग देतात. त्यात आकाश दिसत नाही, ही खंत मला कायम राहील.

याच अमेरिकनच्या ताफ्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कॅलिफोर्नियाची पीएसए ही विमान कंपनी १९८८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिच्या विमानांच्या नाकाखाली काळ्या रेघेचं हसू रंगवलेलं असायचं. पुढे आजच्या काळातल्या एका एअरबस ए३१९ वर ते हसू पुन्हा उमटलं आणि विलीनीकरणांच्या साखळीतून तो वारसा अमेरिकनकडे आला. पीएसएत उमेदीची वर्षं घालवलेल्यांना ते पाहताना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

पुन्हा त्या ७४७ कडे येतो. शताब्दीसाठी ब्रिटिश एअरवेजने तीन ७४७ जुन्या वेशांत रंगवली होती. बीओएसीचं विमान २०२३ पर्यंत उडणार होतं. पण महामारी आली आणि जुलै २०२० मध्ये कंपनीने आपली सगळी ३१ बोइंग ७४७ विमानं एकदम निवृत्त केली. ८ ऑक्टोबरला हीथ्रोवरून शेवटची दोन निघाली; त्यातलं एक सत्तरच्या दशकातल्या, नेगस या डिझाइन संस्थेने आखलेल्या वेशातलं. ताफ्यातली बहुतेक विमानं तोडली गेली. हे नेगस मात्र कॉट्सवोल्ड विमानतळावर उभं आहे, बीओएसी वेल्समध्ये सेंट अॅथनला आहे आणि तिसरं, लँडोर या डिझाइन संस्थेच्या वेशातलं, इंग्लंडमध्ये डन्सफोल्डला.