मधेच गेलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो. १९४७ साली अमेरिकेत क्राफ्ट या चीजवाल्या कंपनीने टीव्हीवर दर आठवड्याला एक नवं नाटक सुरू केलं. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं, तासाभरात खेळ खलास. (आपल्या मालिकावाल्यांना ही सक्ती कुणीतरी करा हो! एकेक लग्न तीन-तीन महिने चालतं.) मग रेडिओ-टीव्ही बनवणारी फिल्को आली, विजेची उपकरणं बनवणारी वेस्टिंगहाउस आली. नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं, रिटेक नाही. आणि पैसे ज्याचे, त्याचा शब्द शेवटचा. हे लक्षात ठेवा, पैसे ज्याचे त्याचा शब्द शेवटचा.

आता मला सांगायचाय तो किस्सा. १६ एप्रिल १९५९. सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवरच्या 'प्लेहाउस ९०' या दीड तासाच्या कार्यक्रमात ॲबी मान यांचं 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' लागलं. विषय काय, तर हिटलरच्या राजवटीतल्या न्यायाधीशांवरचा खटला. आणि प्रायोजकांत कोण? अमेरिकन गॅस असोसिएशन. घरोघरी गॅसच्या शेगड्या खपाव्यात म्हणून झटणारी मंडळी! त्यांना धसका बसला. छळछावण्यांचं बोलणं निघणार, म्हणजे तिथे माणसं मारायला वापरलेल्या गॅसचं नाव निघणार, आणि लगेच आपली जाहिरात. गृहिणी शेगडी घेईल का?

म्हणून गॅसचा उल्लेख गाळा, असा आग्रह झाला. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल यांना ते पटेना. नटांनी वाक्यं म्हटली. पण प्रक्षेपणात न्यायाधीशाच्या भूमिकेतले क्लॉड रेन्स बोलता बोलता एकदम मुके झाले. ओठ हलताहेत, आवाज गायब! नेमका 'गॅस' आला तिथेच आवाज बंद केलेला. पुढचा शब्द आला की आवाज परत हजर. लाखो माणसं मारली गेली ती कशाने, तेवढंच ऐकू आलं नाही. कशाने, तेवढंच. गुपचूप गाळलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. आवाज तोडला म्हणून बोभाटा झाला, वर्तमानपत्रांनी झोडपलं. मला विचाराल तर कात्री चालवणाऱ्यांना अक्कल बेताचीच असते, तेव्हाही आणि आत्ताही.

१९६१ मध्ये मान यांनी याच नाटकाचा सिनेमा लिहिला. तिकीट काढून बघायचा, त्यामुळे गॅसवाल्यांचा संबंध नव्हता. टीव्हीवर बचावपक्षाचा वकील झालेले मॅक्सिमिलियन शेल तिथेही वकीलच होते, आणि त्यांना ऑस्कर मिळालं.