तलावात बुडालेल्या नद्या

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचं ‘धरणे आणि नदीची परिसंस्था’ असं भारदस्त नाव छापलंय. घाबरू नका. माझं भांडण एका शब्दाशी आहे: तलाव. ‘मुंबईला पाणी देणारा मोडकसागर तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी आली की आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा हसून बोलतात. अहो, तलाव कसला? वैतरणा नदी आहे ती, 1950 च्या दशकात अडवलेली. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर. एकाच बाईला तीन नाक्यांवर थांबवलंय. तानसा तिचीच उपनदी. विहार तलाव म्हणजे मिठी नदी, 1860 सालापासून अडवलेली. आणि 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरात आपणच विचारत होतो, ‘या नाल्याला नदी कोण म्हणतं?’ (हशा)

एक गंमत सांगतो. मावसबहिणीच्या मुलाचं लग्न, शहापूर तालुक्यात, ऐन मे महिना. जवळच भातसा धरणाचं पाणी चकाकतंय. मुंबईला रोज साधारण 3,850 दशलक्ष लिटर पाणी येतं, त्यात निम्म्याच्या आसपास वाटा या एकट्या भातसाचा. आणि मांडवात सगळ्यांचे डोळे कशाकडे? टँकरकडे! वऱ्हाड वेळेवर, भटजी वेळेवर, टँकरचा पत्ता नाही. नवरदेवाचा मामा मोटारसायकल घेऊन त्याला शोधायला गेला. मुहूर्त टळला म्हणून कुणी कुरकुरलं नाही, टँकर आला तेव्हा मात्र बँडवाल्यानं आपणहून वाजवलं. (हशा) जेवण झालं, हात धुवायला उठलो. एक आजी तांब्यातून जपून धार सोडत होत्या. मी म्हटलं, ‘अजून थोडं.’ त्या म्हणाल्या, ‘घरी जाऊन धू बाबा पोटभर. आमचंच येतंय तुझ्या नळाला.’

तिकडे म्हण आहे, धरण उशाला, कोरड घशाला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता! पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ती वलगण. भिंत आली की चढण संपली. गाळ भिंतीमागे साचतो, म्हणून खालची नदी स्वतःचेच काठ कुरतडते. मोठ्या धरणाच्या तळाचं पाणी थंड, प्राणवायू कमी. ते सोडलं की खालचे जीव बिथरतात. खाडीकडे गोडं पाणी कमी गेलं की भरतीचं खारं पाणी आत सरकतं, काठच्या विहिरी मचूळ होतात, मासेमारीची गणितं बदलतात.

मुळशी धरण विसरू नका. बंगालच्या उपसागराकडे जाणारं मुळेचं पाणी मुंबईच्या विजेसाठी घाटाखाली भिऱ्याला वळवलं. 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच. कोलाडला रबरी होडीत बसून आपण किंचाळतो ना, ते कुंडलिका नदीचं पाणी भिऱ्याला वीज करून सोडलेलं.

आता गारगाई नदीवरचं नियोजित धरण. दिवसाला 440 दशलक्ष लिटर, त्यासाठी वाडा तालुक्यातली आदिवासी गावं उठणार, तानसा अभयारण्यातलं जंगल जाणार. बांधून झालं की त्या नदीला आपण मुंबईचा आठवा तलाव म्हणू.

दुसरी चिठ्ठी! मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायच्या योजनेबद्दल ज्यांना विचारायचंय, त्यांनी चहाच्या टेबलापाशी गाठा.