ऐकणाऱ्यांच्या घराला पाटी नसते

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय छापलाय 'गिरणगावातली गाण्याची वाट'. गाण्याच्या वारशाची म्हणून लालबाग-परळमध्ये पायी फेरी काढायची तर ती कशी काढावी, हे मी सांगणार आहे. त्याआधी एक विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरचं कुणीतरी गिरणीत होतं? हात वर करा बघू. बापरे, अर्धी डोंबिवली आपलीच की! मग भोंगा म्हणजे काय, बदली कामगार म्हणजे काय, हे इथे समजावत बसायला नको.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ कमी पडला तरी ते राहून जायचं नाही. लोकांना गाण्याच्या गावात फिरवताना गाणाऱ्याच्या घराआधी ऐकणाऱ्याचं घर दाखवा. तो कुठे बसून ऐकायचा, कामावरून किती वाजता सुटायचा, तिकिटाचे पैसे कुठून काढायचा, त्याचे कान कसे होते. हो, कान. कानांकडे मी येणार आहे.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते लिव्हरपूलमध्ये. माझी लेक मँचेस्टरला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, चला, बीटल्सचं गाव बघून येऊ." मला बीटल्सची चार-पाच गाणी येतात, त्यापलीकडे माझा काही अभ्यास नाही. पण गाण्यासाठी लोक रस्त्यातून चालत फिरतात, म्हणजे नेमकं काय करतात, ते बघायचं होतं. पंधराएक जणांचा घोळका आणि पुढे एक तरणा वाटाड्या. मॅथ्यू स्ट्रीट म्हणून एक अरुंद गल्ली आहे, आपल्या भुलेश्वरातल्या बोळांची आठवण व्हावी अशी. तिथे कॅव्हर्न क्लब आहे. हा क्लब म्हणजे वखारीखालचं तळघर. १९५७ साली ते सुरू झालं तेव्हा तिथे जाझ वाजायचं. बीटल्स म्हणून ही पोरं तिथे पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली ती ९ फेब्रुवारी १९६१ला, आणि तीही भर दुपारी. हे 'दुपारी' मला तेव्हा नुसतं ऐकू आलं, त्यातलं काही कळलं नाही.

वाटाड्या छान बोलत होता. मूळचं तळघर १९७३ साली बंद झालं. भुयारी रेल्वेला हवा खेळवायचं धुराडं बांधायचं म्हणून वरची इमारत पाडली, तळघर भरून टाकलं, आणि ते धुराडं काही कधी बांधलंच नाही. पुढे १९८४ साली जवळपास त्याच जागी, जुन्याच विटांमधल्या पुष्कळशा विटा वापरून ते पुन्हा उभं केलं. पाडल्यावर अकरा वर्षांनी विटा वेचून आणणारी माणसं, बघा! आमच्याकडे गिरणीची चिमणी पाडली की विटा डंपरमधून जातात, त्यातली एक वीट कुणी घरी आणल्याचं मी ऐकलेलं नाही. असो.

तर आमच्या घोळक्यात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. अंगात जाड कोट, हातात कापडी पिशवी. आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. वाटाड्या कोण कुठे गिटार घेऊन उभा राहायचा ते सांगत होता. बाई हळूच म्हणाल्या, "मी तिथे, त्या कमानीखाली उभी असायची." सगळे वळले. त्या मुलाने काय करावं? बोलणं थांबवलं, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "मग आता तुम्हीच सांगा." त्याचं हे दोन पावलं मागे सरकणं मी अजून विसरलेलो नाही.

बाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या, वय सतरा. जेवणाची सुट्टी झाली की डब्यातलं सँडविच रस्त्यातच खात खात त्या तळघरात उतरायच्या. दुपारचे कार्यक्रम त्यांच्यासारख्यांसाठीच असायचे, कचेरीतल्या मुलींसाठी, दुकानातल्या पोरांसाठी. आत हवा नाही, भिंतींना घाम सुटलेला. फिनेलसारखा एक वास कोटात असा मुरायचा की परत खुर्चीत येऊन बसल्यावर शेजारची बाई न विचारताच ओळखायची, ही कुठे जाऊन आली ते. एवढं सांगून त्यांनी अंगातल्या कोटाची बाही नाकाशी नेली. कोट अर्थातच दुसरा होता. साठ वर्षांनंतर त्या बाईंनी नव्या कोटाची बाही हुंगली, मंडळी. नात आजीकडे बघत राहिली होती.

तेव्हा मला ते 'दुपारी' कळलं. गाणं दुपारी वाजायचं, कारण ऐकणारी माणसं दुपारी मोकळी व्हायची. वाजवणाऱ्या पोरांची घरं तिथे जपलेली आहेत. त्यातल्या एकाचं घर तर नगरपालिकेचं भाड्याचं घर, म्हणजे आपल्या बीडीडी चाळीच्याच नात्यातलं, आणि १९९५ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या नॅशनल ट्रस्टने ते विकत घेऊन सांभाळलं. फार चांगलं केलं. पण त्या बाईंच्या कचेरीला पाटी नव्हती. त्या दिवसापुरती ती पाटी त्या स्वतःच झाल्या होत्या.

आता दुसरी फेरी. ही आपल्याकडची. मुंबईत परतल्यावर कुणीतरी सांगितलं की लालबाग-परळमध्येही अशी संगीतफेरी निघते. आनंदाने पैसे भरले. कुणाची होती ते सांगत नाही, चांगल्या घरची, शिकलेली मुलं होती आणि वाचनही होतं. भारतमाता सिनेमाशी जमलो. वाट दाखवणारी मुलगी सांगत होती, हातातल्या फोनवर गाणं वाजवत होती, मग पुढचा थांबा. एका चाळीच्या पायरीवर एक म्हातारबुवा बसले होते, लेंगा, वर बंडी. न्यू हनुमान या तमाशाच्या थिएटरचं नाव त्यांच्या कानावर पडलं आणि ते उठून आमच्याकडे आले. म्हणाले, "तिकिटाची रांग कुठपर्यंत यायची, दाखवू काय?" मुलीने घड्याळ बघितलं. "काका, नंतर बोलू हं, आम्हाला अजून चार ठिकाणं करायची आहेत." आणि घोळका पुढे गेला. मीही गेलो. दहा पावलांवर थांबून मागे आलो, तर पायरी रिकामी होती. त्या रांगेचं दुसरं टोक कुठे होतं हे मला आजही ठाऊक नाही. माझी तक्रार त्या मुलीवर नाही. थांब्यांची यादी तिला ज्यांनी करून दिली, त्यांनी त्या पायरीवर थांबा ठेवला नव्हता, ही माझी तक्रार आहे.

आता कान. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. इथल्या पुष्कळांना माहीत आहे, साचे चालू असताना खात्यात काय आवाज असतो. शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे, हातांनी खुणा करायच्या. वडील घरी आले की ओरडूनच बोलायचे, आई म्हणायची, "अहो, आम्ही इथेच आहोत." पन्नाशीच्या आतच बारीक आवाज त्यांना लागेनासे झाले होते. रेडिओवर सतार लागली की उठून जायचे. पण डबलबारीचं, म्हणजे दोन मंडळांच्या चढाओढीचं भजन रंगलं, पखवाजावर थाप पडली, की खांबाला टेकून डोळे मिटून बसायचे, कारण ती थाप त्यांना छातीत ऐकू यायची. एकदा त्यांनी माझा हात धरून पखवाजाच्या खोडावर ठेवला होता. कणीक लावलेल्या बाजूला तळव्याखाली ते लाकूड जिवंत असल्यासारखं थरथरत होतं. "कळलं?" म्हणाले.

मग शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाबद्दल जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला पहिलं आठवतं ते हे. कामगार मैदानावर समोर बसलेल्यांत साचेवाले किती असतील! उघडं मैदान, दिवसभर साच्यांच्या खडखडाटात बधीर झालेले कान, आणि त्या कानांपर्यंत पोचायचंय. डफ का हवा, ढोलकी का हवी, टिपेचा सूर का हवा, याचं अर्धं उत्तर मला त्या कानांत सापडतं. अर्धं उत्तर परंपरेत आहे, ते अभ्यासकांनी सांगितलेलंच आहे, त्यावर माझा वाद नाही. पण फेरीत हे कानांचं कुणी सांगत नाही.

अण्णा भाऊ साठे यांचंही तेच. वाटेगावहून हे कुटुंब मुंबईला आलं ते पायी, आणि त्यांनी गिरणीत कामही केलं. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, हे तुम्हाला पाठ आहे. 'माझी मैना गावावर राहिली' ही लावणी संयुक्त महाराष्ट्राची म्हणून आपण ऐकतो, मैना म्हणजे बेळगाव, कारवार, तुटून राहिलेला मुलूख. पण ती पहिल्यांदा ऐकत कोण बसलं होतं? बायको गावी ठेवून आलेला माणूस. चाळीतल्या एका गाळ्यात, म्हणजे एका खोलीत, वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, एक उठून कामाला गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा पडायचा. त्याला त्या मैनेचा अर्थ फोड करून सांगावा लागला नाही. सीमाप्रश्न त्याच्या काळजात शिरला तो त्या वाटेने. ही लावणी कुठे ऐकवायची असेल तर अशा गाळ्याच्या दारात ऐकवा, पुतळ्यासमोर नको.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली आहेत म्हणतात. आणि फेरी कशी काढायची हे अजून सांगायचंच आहे! चला, भरभर सांगतो.

पहिली गोष्ट, फेरीची वेळ. सगळ्या फेऱ्या रविवारी सकाळी सातला निघतात, कारण तेव्हा ऊन नसतं. गिरणगावची फेरी पाळी सुटायच्या वेळेला काढा. संध्याकाळी किंवा रात्री. पाळी सुटली की कुठल्या दारातून किती माणसं बाहेर पडायची, कुठल्या वळणावर चहा, कुठून तमाशाच्या दाराशी, ते चालत दाखवा. न्यू हनुमान थिएटर मधुकर नेराळे यांनी कामगारांच्या जिवावर चालवलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात माणसं बाहेर पडली, आणि तिकीट काढणारा हातच रिकामा झाला. पुढे तमाशाचं ते थिएटर बंद पडलं, त्याचं कारण गाण्यात शोधू नका, पगाराच्या पाकिटात शोधा.

दुसरी गोष्ट, बायका. तमाशाच्या थिएटरात बाईमाणसाने जायचं नाही, असा आमच्या घरी दंडक होता. पण माझ्या आत्याची डिलाईल रोडला खानावळ होती, पंचवीस जेवणारे. आत्याने थिएटरची पायरी कधी चढली नाही, तरी तिला वगातली, म्हणजे तमाशातल्या नाट्यातली, सवाल-जबाबाची गाणी पाठ होती. रात्री जेवायला बसलेले कामगार ताटावर बोटांनी ठेका धरून म्हणायचे, ही चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायची. भाकरीवरची तिची थाप आणि ठेका एक व्हायचा, हे मी लहानपणी शेजारी बसून पाहिलेलं आहे. म्हणजे गिरणगावातली खानावळ ही गाण्याचीही जागा होती. खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा ही संस्था उभी केली, तो इतिहास लिहिला गेलाय. त्या ताटांवरचं गाणं कुणी लिहून घेतलेलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बँजो. लालबागची फेरी बँजोशिवाय करता येत नाही, आणि माझ्या त्या फेरीत तो नव्हता! मिरवणुकीतला आपला बँजो हा अमेरिकेतला कातडी मढवलेला बँजो नव्हे. हा बुलबुलतरंग, त्याचा पूर्वज जपानी, तायशोगोतो नावाचा, १९१२ साली नागोयात जन्मलेला. टाइपरायटरसारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आपल्या पोरांनी त्याला वीज जोडली आणि ट्रॉलीवर चढवलं. का? तर ढोल-ताशांच्या वर तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला हवा. पुन्हा कान! सरावाच्या रात्री एखाद्या बँजो पार्टीकडे लोकांना न्या, कळ दाबू द्या.

आणि हे फक्त गिरणगावालाच लागू आहे असं नाही. धोबीतलावला जा. तिथले गोव्याचे कूड, म्हणजे गावागावांची वसतिगृहं. बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे ट्रंका ठेवून राहायचे. पहिलं तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, मुंबईत झालं, १७ एप्रिल १८९२ला, न्यू अल्फ्रेड थिएटरात. तो ईस्टरचा रविवार होता. दुसऱ्यांच्या घरी रांधणाऱ्या माणसांना सुट्टी कधी मिळत असेल, सांगा बरं मला!

बेल झाली. आता फक्त कामाचं बोलतो. येत्या हिवाळ्यात आम्ही काही जण अशी एक फेरी काढतोय, रात्रीची. थांबे ठरवायचे आहेत, आणि ते तुमच्याकडून ठरवायचे आहेत. चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. तुम्ही, तुमचे वडील, आई, कुणीही, गाणं कुठे उभं राहून किंवा बसून ऐकायचात, तेवढंच लिहा. चाळीचं नाव, मजला, गॅलरीचं कुठलं टोक. गाळ्याचा नंबर आठवत असेल तर तोही लिहा. आणि न्यू हनुमानची रांग कुठपर्यंत यायची हे कुणाला ठाऊक असेल, तर त्यांनी वहीत लिहू नका. मला येऊन भेटा, मी इथेच दारापाशी उभा आहे.