निळा लेझर, दोन डिस्क

दृश्य : बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुरुस्तीच्या टेबलावर उघडलेला ब्लू-रे प्लेअर. कॅमेरा हेडवर.

प्लेअरचं झाकण काढलं की ट्रेखाली दिसतं ते डिस्क वाचणारं हेड. सळीवर मागेपुढे सरकतं, वर हरभऱ्याएवढं भिंग. या एका हेडात तीन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा निळा-जांभळा.

२००२ ते २००८ या काळात हाय डेफिनिशन, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या, डिस्कवरून इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत मोठा झगडा झाला. एका बाजूला ब्लू-रे, दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी. निळा लेझर दोघांकडे सारखाच होता. वाद होता तो डिस्कच्या पृष्ठभागाखाली माहितीचा थर किती खोल ठेवायचा याचा. ब्लू-रेवाले म्हणाले ०.१ मिलिमीटर, एचडी डीव्हीडीवाले म्हणाले डीव्हीडीसारखाच ०.६.

दृश्य : कागदावर पेनाने मांडलेला हिशेब.

एवढ्याशा फरकाने काय होतं, ते मांडून बघू. लेझरचा ठिपका किती बारीक पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, तरंगलांबी. दुसरी, भिंगाचं न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे भिंग प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतं ते. तरंगलांबीला या आकड्याने भागायचं. डीव्हीडीला ६५० भागिले ०.६० म्हणजे १०८३. एचडी डीव्हीडीला ४०५ भागिले ०.६५ म्हणजे ६२३. ब्लू-रेला ४०५ भागिले ०.८५ म्हणजे ४७६. ठिपक्याचं क्षेत्रफळ वर्गाने बदलतं, म्हणून ब्लू-रेच्या डिस्कवर डीव्हीडीच्या सव्वापाच पट माहिती बसायला हवी आणि एचडी डीव्हीडीवर तिप्पट. डीव्हीडीचा एक थर ४.७ जीबीचा. म्हणजे ब्लू-रे साधारण २४ आणि एचडी डीव्हीडी १४ जीबी. प्रत्यक्षात एका थराला २५ आणि १५ जीबी मिळाले.

मग एचडी डीव्हीडीनेही ०.८५ चं भिंग का घेतलं नाही? कारण फिरताना कुठलीच डिस्क पूर्ण सपाट नसते. ती किंचित तिरकी झाली की ठिपक्याला शेपूट फुटतं आणि शेजारच्या खुणा वाचनात मिसळतात. हा दोष थराच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि ॲपर्चरच्या तर घनाच्या प्रमाणात. ०.६० वरून ०.८५ वर गेलं की दोष जवळपास २.८ पट होतो. तो आवरायचा तर वरचा थर पातळ करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ब्लू-रेने तो सहापट पातळ केला.

त्याची किंमत कारखान्यात मोजावी लागली. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. एचडी डीव्हीडीही तशीच, त्यामुळे जुन्याच यंत्रांत थोडे बदल करून ती छापता येत होती. ब्लू-रेला १.१ मिलिमीटरची चकती आणि तिच्यावर ०.१ मिलिमीटरचा एकसारखा थर लागतो. त्यासाठी नवी यंत्रं, आणि सुरुवातीला बाद होणाऱ्या डिस्कही जास्त. शिवाय माहिती पृष्ठभागाच्या इतकी जवळ की साधा ओरखडासुद्धा महागात पडे. २००३ साली सोनीने जपानात पहिला ब्लू-रे रेकॉर्डर आणला तेव्हा डिस्क प्लॅस्टिकच्या डबीत बंद असायची. पुढे टीडीकेने कठीण लेप तयार केला आणि डबी गेली. आज ब्लू-रेवर डीव्हीडीपेक्षा चरे कमी पडतात ते या लेपामुळे.

दृश्य : जुन्या जाहिराती, किमतींचे फलक.

फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, मात्सुशिता (आजची पॅनासोनिक), फिलिप्स, पायोनियर यांच्यासह नऊ कंपन्या ब्लू-रेसाठी एकत्र आल्या. तोशिबा आणि एनईसी ०.६ वर ठाम राहिल्या आणि डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमने त्यांची बाजू घेतली. २००५ मध्ये एकच डिस्क ठरवण्याची बोलणी झाली, ती याच जाडीच्या प्रश्नावर फिसकटली.

२००६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर एचडी-ए१ आला, ४९९ डॉलरला. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. जवळपास दुप्पट. आणि त्या वर्षी चित्र सरस दिसत होतं ते स्वस्त प्लेअरवर. सुरुवातीच्या अनेक ब्लू-रे डिस्क एकाच थराच्या होत्या आणि त्यांवरचा व्हिडिओ जुन्या एमपेग-२ पद्धतीने दाबून लहान केलेला. एचडी डीव्हीडीवर दोन थरांत ३० जीबी आणि व्हिडिओ दाबण्याची नवी व्हीसी-१ पद्धत. जास्त जागेचा फायदा ब्लू-रेला मिळाला तो ५० जीबीच्या डिस्क नियमित छापल्या जाऊ लागल्यावर.

पण ४९९ मध्ये तोशिबाला हे परवडत होतं का? एचडी-ए१ उघडला की आत चक्क संगणक निघतो. पेंटियम ४ प्रोसेसर, १ जीबी रॅम, लिनक्स. चालू केल्यावर चित्र यायला मिनिटभर लागायचं. नुसते सुटे भागच विक्रीच्या किमतीपेक्षा महाग होते. प्रत्येक प्लेअरमागे तोशिबा पदरचे पैसे घालत होती.

सोनीही तोटाच सोसत होती, फक्त तिचं खातं वेगळं होतं. नोव्हेंबर २००६ मध्ये ब्लू-रे वाचणारं तिचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशन ३, आलं. अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलर. आयसप्लाय या संस्थेने यंत्र सुटं करून केलेल्या अंदाजाप्रमाणे स्वस्त मॉडेलचाच खर्च ८०० डॉलरच्या वर जात होता. निळ्या लेझर डायोडचा, म्हणजे तो प्रकाश देणाऱ्या भागाचा, तुटवडा इतका होता की युरोपातली विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. पण सोनी तो तोटा गेमच्या विक्रीतून भरून काढू शकत होती, आणि गेमसाठी यंत्र घेणाऱ्या प्रत्येक घरात ब्लू-रे प्लेअर आपोआप पोहोचत होता. तोशिबाकडे असा दुसरा खिसा नव्हता.

इथे पुण्यात या झगड्याची झळ फारशी पोहोचलीच नाही. २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ भारतात आलं ३९,९९० रुपयांना. त्याच वर्षी डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअरने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली होती. घरोघरी पिक्चर ट्यूबचे टीव्ही, त्यावर ५७६ रेषा. त्या पडद्याला डीव्हीडीच पुरून उरत होती.

दृश्य : नोव्हेंबर २००७ ची तारीख. ९८.८७ हा आकडा.

२ नोव्हेंबर २००७. अमेरिकेत वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ विकायला काढला ९८.८७ डॉलरला. त्या वेळच्या भावाने चार हजार रुपयांच्या आत. लोकांची झुंबड उडाली.

आमच्या मते एचडी डीव्हीडीचं खरं नुकसान इथेच झालं. ज्या किमतीत निर्मात्याचा खर्चही निघत नाही, त्या किमतीत दुसरी कुठली कंपनी प्लेअर बनवायला येईल? ब्लू-रेच्या बाजूला सोनी, पॅनासोनिक, सॅमसंग, पायोनियर, फिलिप्स आपापले प्लेअर विकत होते. एचडी डीव्हीडीत तोशिबा जवळजवळ एकटी. आरसीए या ब्रँडचा पहिला प्लेअरसुद्धा आतून तोशिबाचाच. किंमत जितकी खाली गेली तितका तो एकटेपणा वाढला, आणि स्टुडिओंना तो स्पष्ट दिसत होता. ऑगस्टमध्ये पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे वळला होता खरा, पण ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने मेनंतर फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. तोशिबाने दहा दिवसांत किमती आणखी उतरवल्या, एचडी-ए३ दीडशे डॉलरवर आला. फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट या दुकानांच्या साखळ्या एकामागोमाग एक बाजूला झाल्या. १९ फेब्रुवारीला तोशिबाने उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं.

स्पर्धक गेल्यावर ब्लू-रे प्लेअर लगेच स्वस्त झाले नाहीत. दोनशे डॉलरच्या खालचे प्लेअर अमेरिकेत सहज दिसायला २००८ ची दिवाळी उलटावी लागली. तोपर्यंत व्हिडिओ उलगडण्याचं काम एका चिपवर आलं होतं आणि डायोडही मुबलक झाले होते. खर्चच उतरल्यामुळे ही घसरण टिकली.

दृश्य : मंगळवार पेठ, जुना बाजार. ताडपत्रीवर मांडलेले प्लेअर, रिमोट, वायरी.

बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात यातले काही प्लेअर आजही हाती लागतात. पुष्कळसे अमेरिकेतून मुलांनी आणलेले, नंतर माळ्यावर गेलेले. घेण्याआधी मागची पट्टी वाचा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका. एकदिश केल्यावर, म्हणजे एसीचं डीसी केल्यावर, २३० चे सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि अशा एसएमपीएसमधला (प्लेअरच्या आतल्या पॉवर सप्लायमधला) मुख्य कॅपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा असतो. तो फुटतो. पट्टीवरच्या वॅटला पुरेल असा, व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. १००-२४० लिहिलं असेल तर चिंता नाही.

दुसरं, रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. ब्लू-रेत भारत सी, अमेरिका आणि जपान ए. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १. बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर कुलूप नसतं, पण अमेरिकी प्लेअरवर आपली जुनी डीव्हीडी अडण्याची शक्यता जास्त. एचडी डीव्हीडीला रीजनच नव्हता.

तपासायला सोबत तीन डिस्क न्या : सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे. ट्रे अडखळत असेल तर रबरी बेल्ट सैल झाला आहे, ते किरकोळ काम. चालू होताना दिवा लुकलुकतो आणि विझतो, तर पॉवर बोर्डावर फुगलेले कॅपॅसिटर शोधा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सेल्सियस तापमान सोसणारेच घ्या. सीडी, डीव्हीडी चालतात आणि ब्लू-रेला 'नो डिस्क' येतं, तर आधी भिंग पुसा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सुटणारी काडी, भिंगावर दाब शून्य. ते बारीक तारांवर तरंगत असतं, दाबलं की तारा वाकतात. पुसूनही फरक पडला नाही तर बहुधा निळा डायोड उतरला आहे. हेड बदलावं लागेल, आणि तेवढ्या पैशांत बहुतेक वेळा दुसरा प्लेअर येतो. प्लेस्टेशन ३ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड मुख्य बोर्डाशी जोडीने बांधलेला असतो. तिथे मूळ बोर्ड ठेवून फक्त लेझर बदलायचा, नाहीतर डिस्क वाचलीच जात नाही.

एचडी डीव्हीडी प्लेअर मिळाला तर सोबतच्या डिस्क लावून बघा. वॉर्नरच्या अनेक एचडी डीव्हीडी चरा नसताना, नीट ठेवूनही निकामी झाल्या आहेत. त्यांना पुसून काही होत नाही.

आणि ब्लू-रे तपासायला नेलेली डिस्क शक्यतो प्लेअरपेक्षा अलीकडची असू द्या. डिस्कची नक्कल होऊ नये म्हणून तिच्यावर असलेल्या संरक्षणाच्या चाव्या वेळोवेळी बदलत गेल्या. जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) असलेला प्लेअर २००८ ची डिस्क छान लावतो आणि २०१५ ची नाकारतो. मॉडेल क्रमांकाचं शेवटचं फर्मवेअर शोधा, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा कोऱ्या सीडीवर घ्या, आणि अपडेट सुरू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. मध्येच गेली तर प्लेअर पुन्हा चालू होईलच असं नाही. म्हणून यूपीएस असेल तर त्यावरच लावा.