दंड कुणाच्या खिशाच्या मापानं?

नमस्कार श्रोतेहो. वाळव्याकडचे एक आबा मागं माझ्या सांगलीतल्या ऑफिसात आले, टेबलावर सोयाबीनच्या दोन रिकाम्या पिशव्या टाकल्या आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बी मातीतच गेलं." दोन एकर रान. सोयाबीनची उगवण निदान ७० टक्के असावी असा नियम. पंचनाम्यात ती निम्मीसुद्धा भरली नव्हती. दुकानदाराचं म्हणणं, खोल पेरलं असणार. कंपनीचा माणूस म्हणाला, ओल नव्हती. दुबार पेरणी झाली, पण तोवर मोसम सरकलेला.

मी हिशेब मांडला. बियाणं, खत, मजुरी, घटलेला उतारा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे माझं मला मिळालं म्हणू. त्यांनी केलं त्याचं काय?"

आबांनी नेमका कायद्यातला फरक धरला होता. नुकसानभरपाई म्हणजे गेलेलं भरून देणं. त्यावर, मुद्दाम किंवा बेफिकिरीनं वागणाऱ्याला जरब बसावी म्हणून जी रक्कम लावतात, ती दंडात्मक भरपाई. ही दुसरी रक्कम न्यायाची की निव्वळ लॉटरी, यावर बरीच भांडणं होतात, आणि त्या भांडणात एक अमेरिकन कॉफी हमखास येते. कॉफी सांडली आणि बाई कोट्यधीश झाली, असा तो किस्सा आपल्याकडंही हसत हसत सांगतात.

घडलं ते असं. १९९२ साली न्यू मेक्सिको राज्यात ७९ वर्षांच्या एका आजींच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली. भाजलं इतकं, की दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. आजींनी आधी सुमारे २० हजार डॉलर मागितले होते. कंपनी ८०० द्यायला तयार झाली. खटल्यात निघालं, की भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडं आधीच पडून होत्या. तेव्हा १९९४ मध्ये ज्युरीनं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, २७ लाख डॉलरचा दंड लावला. हा आकडा कुठून आला? कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री तेवढी होती. पुढं न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि शेवटी आपसात तडजोड झाली. किस्सा सांगताना हे शेपूट कुणी जोडत नाही.

मला त्यातलं दोन दिवसांच्या विक्रीचं माप पटतं. ज्याला दहा हजार रुपये म्हणजे चहापाणी, त्याला दहा हजारांचा दंड हा धंद्यातला खर्चच वाटणार. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीनंतर, १९८६ मध्ये, सांगितलं होतं की धोकादायक उद्योग जेवढा मोठा आणि ऐपतदार, तेवढी भरपाई मोठी. पण प्रत्यक्षात हात आखडतो. उपहार सिनेमागृहाच्या आगीत ५९ माणसं गेली. उच्च न्यायालयानं लावलेला अडीच कोटींचा दंड २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २५ लाखांवर आला.

उलट बाजूही खरी आहे. खिसा न बघता दंड लावला, तर गावातलं कृषी सेवा केंद्र एका निकालात बसेल आणि बियाणं बनवणारा मोकळा राहील. आणि माझं मत विचाराल, तर दंडाची सगळी रक्कम एकट्या तक्रारदाराच्या पदरात पडणंही बरोबर नाही. त्याच लॉटचं बी पेरलेले, पण तक्रारीला न आलेले शेतकरी असतातच की. ग्राहक कायद्यात त्याची सोय आहे: नुकसान पुष्कळांचं असेल आणि ते सगळे ओळखता येत नसतील, तर विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या निदान २५ टक्के रक्कम भरायला लावता येते. हे कलम फारसं कुणी मागत नाही. आम्ही वकीलही मागत नाही, हे कबूल करतो.

आणि मागावं लागतं, बरं का. २०१४ मध्ये एका मोटार कंपनीवरचा २५ लाखांचा दंड सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, कारण मूळ तक्रारीत तशी मागणीच नव्हती. म्हणून आबांच्या तक्रारीत ती ओळ मी स्वतंत्र लिहिली.

कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला विचारलं, बियाण्याचा नमुना कुठाय? सगळं बी पेरणाऱ्यानं तपासणीसाठी नमुना मागं ठेवला असेल ही अपेक्षाच चूक, हे सर्वोच्च न्यायालयात २०१२ मध्येच ठरून गेलंय. तसं मी सांगितलं आणि पुढची तारीख पडली.

आबा तारखेला येतात. यंदा पेरणीआधी त्यांनी प्रत्येक पिशवीतलं मूठभर बी फडक्यात बांधून, लेबलासकट माळ्यावर ठेवलंय. गरज नाही म्हटलं, तर म्हणाले, "असू द्या की."