पेशीच्या दारातली वीस वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

१९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका इवल्याशा कृमीत दाखवून दिलं, की दुपदरी आरएनए, म्हणजे जनुकाचे संदेश वाहणाऱ्या रेणूचा दोन धाग्यांचा प्रकार, शरीरात सोडला तर नेमकं हवं ते जनुक गप्प करता येतं. २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, यायला मात्र २०१८ उजाडलं. मधली वीस वर्षं कुठं गेली? मला विचाराल तर बरीचशी पेशीच्या दारातच गेली.

आरएनए नाजूक. रक्तात नुसता सोडला तर विकरं त्याचे तुकडे करतात, मूत्रपिंडं तो गाळून टाकतात. शिवाय त्याच्यावर ऋण प्रभार आणि पेशीच्या पटलावरही ऋणच. आत घेणार कोण?

म्हणून तो शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरच्या स्निग्ध कणांत भरतात. या कणात कोलेस्टेरॉलही असतं, पण खरी करामत एका खास लिपिडाची, म्हणजे स्निग्ध रेणूची. रक्तात त्याच्यावर जवळजवळ प्रभार नसतो. आम्लात गेलं की धन प्रभार येतो. कण रक्तात शिरला की आपल्याच शरीरातलं एपो-ई हे प्रथिन त्याला चिकटतं. यकृताच्या पेशी ते ओळखतात आणि कण आत ओढतात. आत म्हणजे एका बंद पिशवीत! ती हळूहळू आम्लधर्मी होते. मग लिपिड प्रभारित होऊन पिशवीचं पटल विस्कटतं आणि आरएनए निसटतो. तोही शेकडा जेमतेम एक-दोन. तेवढ्यावर भागतं, कारण निसटलेला प्रत्येक रेणू त्या जनुकाचे संदेश एकामागून एक कापायला लावतो.

पॅटिसिरान हे औषध आहे एका आनुवंशिक आजारावर. यकृतात तयार होणारं सदोष प्रथिन नसांत साचतं, पाय बधिर होतात, चालणं सुटतं. पूर्वी यकृत बदलण्याची वेळ यायची. आता दर तीन आठवड्यांनी सलाईन. २२५ रुग्णांच्या चाचणीत ते प्रथिन सुमारे ८० टक्क्यांनी घटलं, आणि कित्येकांच्या नसांचं दुखणं वाढायचं थांबलं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

२०२५ साली फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाला त्याच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध अशाच कणांतून दिलं गेलं. तेही यकृतातच. मेंदूच्या आणि स्नायूंच्या आजारांचे रुग्ण अजून ताटकळत आहेत. संशोधनाचा पैसा आता तिकडे वळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.